ग्रूबरसाहेबांची शिकवणी

माझं मोटारीचं लायसन्स खरं होतं, हे आधीच स्पष्ट करतो. पुढचं ऐकल्यावर लोक पहिली शंका तीच काढतात. नाशिकला, तरुणपणी, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेलं लायसन्स होतं ते. मामेभाऊ ज्यांच्याकडे नोकरीला होता त्यांच्या फियाटवर परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला कडुलिंबापासून पिंपळापर्यंत गाडी न्यायला लावली, मी नेली, पास झालो. त्यानंतर मोटार चालवण्याचा योग आला नाही, कारण मोटार नव्हती. पण लायसन्स मात्र मुदत संपायच्या आत न चुकता नवं करून घेत आलो. आपल्याकडे टायपिंगचं सर्टिफिकेट असतं ना, बोटं सगळं विसरलेली असतात पण कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरा करकरीत असतो, त्यातलाच हा प्रकार. स्कूटरवर माझ्यामागे बसून मालती, म्हणजे आमची ही, ओळखीपाळखीच्यांना सांगायची, "यांच्याकडे मोटारीचंही लायसन्स आहे हो." ऐकणारे माझ्याकडे आदराने बघायचे. मीही तो आदर कधी परत केला नाही.

मी तेव्हा सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. एक्याण्णव सालची गोष्ट. पॉलिएस्टरच्या धाग्याला कुरळं करायचा कारखाना होता. कुरळं करणारी यंत्रं ऑस्ट्रियाहून आलेली आणि त्यांच्याबरोबर आलेले आल्फ्रेड ग्रूबर. वय पन्नाशीचं, उंची दाराच्या चौकटीला काळजी वाटावी एवढी. एका वर्षाच्या बोलीवर आलेला माणूस, पण यंत्रं नाठाळ निघाली आणि शेठनी त्यांना आणखी दोन वर्षं राहायला राजी केलं. सिल्वासात टोकरखाड्याला आमच्याच सोसायटीत तळमजल्याचा ब्लॉक कंपनीने त्यांना घेऊन दिला होता. दिमतीला कंपनीची पांढरी मारुती होती.

ग्रूबरसाहेबांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांना मळमळायचं. कंपनीचा ड्रायव्हर भिका याने पहिल्याच दिवशी त्यांना दमणगंगेच्या पुलावरून अशा तऱ्हेने नेलं होतं की पलीकडच्या काठावर साहेब उतरून बराच वेळ नदीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हापासून ते स्वतःच चालवत. दुसरी खोड कायद्याची. नियमाबाहेर त्यांचं पाऊल पडत नसे. सिल्वासात राहून हे व्यसन फार अवघड आहे. शनिवारी संध्याकाळी गुजरातेतून आमच्याकडे घसा ओला करायला येणारी वाहनं जाताना रस्त्याच्या कुठल्याही बाजूने जातात. साहेब मात्र त्या वाहनांनाही इंडिकेटर दाखवत.

तर एका सकाळी ग्रूबरसाहेब माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले की त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरापुरताच होता, तो या महिन्यात संपतो. परदेशी माणूस इथे जास्त दिवस राहणार असेल तर त्याने इथलं लायसन्स काढायला हवं. ते मिळालं नाही तर ते एक दिवसही गाडी चालवणार नाहीत, भिकाबरोबर बसणार नाहीत, सरळ घरी जातील. मी त्यांना समजावलं की गोऱ्या माणसाला इथे कोणी लायसन्स विचारत नाही. ते म्हणाले, कोणी विचारत नाही म्हणून नियम संपत नाही. असं वाक्य मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच ऐकलं.

शेठना कळलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ थोडक्यात बोलणारे. म्हणाले, "सबनीसभाई, एमने लायसन्स नहीं मळे तो ए जशे. अने एमनी पाछळ पाछळ तमे पण." ग्रूबर गेले तर त्यांच्या मागोमाग मीही, हे समजायला गुजराती येण्याची गरज नव्हती. आमची मुलगी श्रुती तेव्हा दहावीत होती. नाशिकच्या घराचे हप्ते चालू होते. सिल्वासा सोडून जायला मला एरवी वर्षातून सहा वेळा वाटायचं, पण ते आपण होऊन.

वाहतूक खात्याच्या ऑफिसातल्या कारकुनाने राहण्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड मागितलं. पासपोर्ट दाखवला तर म्हणाला, यात पत्ता ऑस्ट्रियातला आहे, मग लायसन्स तिकडेच काढा. पोलिसांकडची परदेशी माणसाची नोंद आणली, सोसायटीच्या सेक्रेटरीचा दाखला आणला, तेव्हा कुठे तो जरा निवळला. मग डॉक्टरी दाखल्यात ओळखीची खूण लिहायची राहिलेली निघाली. कारकुनाने साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतःच सुचवलं, "गोरे, असं लिहा ना." साहेबांनी विचार करून सांगितलं की त्यांच्या गावात या खुणेवरून ते कोणालाच सापडणार नाहीत. शेवटी डाव्या कोपरावरचा तीळ लिहिला. शिकाऊ लायसन्स हातात आलं. महिनाभर शिकायचं आणि मग परीक्षा द्यायची. ज्या माणसाने तीस वर्षं बर्फातल्या घाटांत गाडी हाकली, त्याने सिल्वासात महिनाभर मोटार शिकायची.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. पण ग्रूबरसाहेबांनी वापीहून मोटार कायद्याचं पुस्तक आणलं आणि फूटपट्टी ठेवून ओळीओळीने वाचलं. त्यात लिहिलं होतं की शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असली पाहिजे. भिका चालणार नव्हता, कारण पुलाची आठवण ताजी होती. साहेब माझ्या घरी आले. मालतीने चहा दिला आणि कोणी न विचारता म्हणाली, "यांच्याकडे आहे की."

मी पिशवीतून लायसन्स काढून दाखवलं. साहेबांनी तारखा तपासल्या, कौतुकाने मान हलवली. मोटार चालवता येते का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या देशात लायसन्स असलेल्या माणसाला असं विचारत नसावेत. मीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसून नरोलीला जाऊ लागलो. गाडीच्या मागेपुढे लाल अक्षरात एल लिहिलेल्या पाट्या लागल्या. त्या साहेबांनी स्वतः रंगवल्या होत्या, नियमात दिलेल्या मापाच्या, मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. आता सोसायटीने काय बघितलं? साहेब चालवतोय, गाडीवर एल आहे आणि शेजारी सबनीस ताठ बसलेत. संध्याकाळपर्यंत टोकरखाडाभर झालं की सबनीस गोऱ्याला मोटार शिकवतात. वरच्या मजल्यावरच्या प्रमिलाताई मालतीला म्हणाल्या, "बाई, केवढा धीर लागत असेल." मालती म्हणाली, "लागतोच." माझ्या बायकोने आयुष्यात एवढ्या ठामपणे माझी बाजू कधी घेतली नव्हती, त्यामुळे तिला दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं.

खरं सांगायचं तर गाडीत मला काहीच काम नव्हतं. साहेब हॉर्न वाजवत नसत, तेवढं मी खिडकीतून "ओ भाऊ, बाजू" असं ओरडून भरून काढी. एकदा वापीला जायचं होतं. आमच्याकडून वापीला जाताना आधी गुजरात लागतं, मग आमचंच दादरा, मग पुन्हा गुजरात. प्रत्येक हद्दीच्या पाटीशी साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि पुस्तक काढून शिकाऊ लायसन्स पलीकडे चालतं का ते पाहिलं. चालत होतं. मागे ट्रकांची रांग लागली होती आणि ट्रकवाले त्यांच्या मुलखातल्या भाषांत आम्हाला काय काय म्हणत होते. साहेबांनी मला विचारलं, ते काय म्हणतायत. मी सांगितलं, ते परीक्षेसाठी शुभेच्छा देतायत.

परीक्षा हा शब्द सोसायटीत पोचला आणि सगळं माझ्या हातातून गेलं. आमच्याकडे बहुतेक लोक नाशिक, पुणे, कोकण इकडून नोकरीला आलेले. सण विसरतील, पण घरात परीक्षा असली की कसं वागायचं ते विसरणार नाहीत. शेजारच्या ब्लॉकातले मिलिंद सामंत सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांनी कोणी न सांगता साहेबांचा अभ्यास ताब्यात घेतला. अपेक्षित प्रश्नांचा संच काढला, उत्तरं इंग्रजीत लिहून दिली आणि रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून पाठांतर घेऊ लागले. टीव्हीवाली घरं या वेळात आवाज बारीक करत. साहेबांनी एकदा विचारलं की अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि तो दिवे लावत नसेल तर काय करायचं. सामंतसर म्हणाले, हे अभ्यासक्रमाबाहेर आहे, त्यावर वेळ घालवू नका.

साहेबांना सगळं यायचं, एक सोडून. हाताच्या खुणा. त्यांच्या देशात इंडिकेटर असतो आणि तो लोक लावतात, त्यामुळे हात बाहेर काढायची वेळच येत नाही. आमच्याकडे मात्र परीक्षेत खुणा हमखास येतात, असं सामंतसरांनी ऑफिसात ओळख काढून समजून घेतलं होतं. त्या शिकवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण लायसन्स माझ्याकडे. मी पुस्तकावरून एका रात्रीत बसवल्या. मग अंगणात दोन खुर्च्या मागेपुढे मांडून पुढे मी आणि मागे साहेब बसलो. उजवीकडे वळायचं तर हात आडवा सरळ. डावीकडे तर हाताची गोल फिरकी. वेग कमी करताना तळवा खाली करून वर-खाली. थांबताना हात कोपरात उभा, तळवा पुढे. आम्ही दोघं तासन् तास असे बसलेले असायचो आणि सोसायटी गॅलऱ्यांत उभी. साहेबांकडे काम करणाऱ्या केसरबाई गलोंड्याहून यायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी बराच वेळ बघून मालतीला हळूच विचारलं, "साहेबाला वारं लागलंय, का आपल्या भाऊंना?"

पण सांगतो, त्या खुणांत मी रमलो. बेचाळिसाव्या वर्षी आपल्याला एखादी विद्या पूर्ण येते असं वाटणं ही लहान गोष्ट नाही. साहेब सावकाश शिकत होते, मी पुढे निघून गेलो. स्कूटरवरही मी सगळ्या खुणा करू लागलो. बाजारात भाजीवाल्यापाशी थांबताना हात असा उभा करायचो की मागची सायकलवाली पोरं दचकायची. मालती मागून म्हणायची, हात हँडलवर ठेवा. मी तिकडे लक्ष दिलं नाही. गुरूने घरच्यांचं ऐकायचं नसतं.

परीक्षेचा दिवस दसऱ्यानंतर लगेचचा आला. सकाळी मालतीने साहेबांच्या हातावर दही-साखर ठेवली. गाडी चालवण्यापूर्वी हे घेतलेलं कायद्याला चालतं का, अशी चौकशी करून त्यांनी ती खाल्ली. प्रमिलाताईंनी गणपतीची तसबीर काचेपुढे ठेवली. साहेबांनी नमस्कार करून ती समोरचं दिसेल अशी बाजूला सरकवली. सामंतसरांना शाळा होती. त्यांनी जाताना बजावलं की आधी सोपं सोडवा आणि अवघडाकडे शेवटी या. श्रुती म्हणाली, "बाबा, तुम्हीच टेन्शनमध्ये दिसताय." बरोबरच होतं तिचं. साहेब नापास झाले असते तर व्हिएन्नाला गेले असते. मी कुठे जाणार होतो?

मैदानात परीक्षा घेणारे दमणिया नावाचे इन्स्पेक्टर होते. गंभीर, सचोटीचा माणूस. झाडाखाली त्यांची नवी स्कूटर उभी होती, हँडलला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच. रांगेत नरोली-गलोंड्याच्या कारखान्यांतले सात-आठ जण होते. साहेबांचा नंबर पहिला लागला. त्यांनी मैदानात मांडलेल्या पिंपांमधून आठाचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, आणि हे करताना एकूण एक खूण अशी केली की दमणियासाहेब कागद खाली ठेवून बघत राहिले. साहेब उतरले तेव्हा दमणियासाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, इतक्या वर्षांत या मैदानात कोणी सगळ्या खुणा करून दाखवलेल्या नाहीत. पास. शिक्का मारतो.

मी डोळे मिटून घेतले. नाशिकचं घर, श्रुतीची दहावी, माझी खुर्ची, सगळं एकदम जागेवर आल्यासारखं वाटलं. त्याच वेळी दमणियासाहेबांनी विचारलं की हे शिकवलं कोणी. ग्रूबरसाहेब खोटं बोलत नसत. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दमणियासाहेब माझ्याजवळ आले. रांगेतल्या लोकांकडे हात करून म्हणाले, "सर, इन लोगों को कुछ नहीं आता. एक चक्कर आप मारो, सिग्नल के साथ. देख के तो सीखेंगे." सर म्हणाले मला. सरकारी माणूस. मी दोन वेळा नको नको म्हणालो, पण ते विनयाचं नको समजलं गेलं. खरं कारण सांगावं तर साहेबांचा शिक्का अजून मारायचा होता. मी गाडीत बसलो. ग्रूबरसाहेबांनी अदबीने दार लावलं.

गाडी सुरू झाली. नाशिकच्या कडुलिंबाची आठवण काढून मी पहिला गिअर टाकला आणि गाडी खरोखरच चालू लागली. तिच्यापेक्षा मला जास्त आश्चर्य वाटलं. मी उजवीकडे वळण्याची खूण केली, निर्दोष. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. डावीकडची फिरकी केली, पुन्हा टाळ्या. वेग कमी करण्याची खूण तर इतकी डौलदार झाली की मला स्वतःलाच बरं वाटलं. वेग मात्र होता तेवढाच राहिला. समोर झाड आलं, झाडाखाली स्कूटर आली. मी हात कोपरात उभा केला, तळवा पुढे, बोटं जुळवलेली. पुस्तकातल्या चित्रातही तो हात इतका सरळ नव्हता. हात थांबला. गाडी थांबली नाही, कारण तिला पायाने थांबवायचं असतं, आणि पायांचा अभ्यास आम्ही घेतलाच नव्हता.

फार काही झालं नाही. स्कूटर आडवी झाली, मडगार्ड वाकलं आणि झेंडूचा हार मारुतीच्या बॉनेटवर येऊन पडला. गाडी गचका खाऊन आपोआप बंद पडली. माझा हात अजून खिडकीबाहेर उभाच होता. रांगेतल्या लोकांनी याही वेळी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो धड्याचाच भाग वाटला.

दमणियासाहेब शांतपणे चालत आले. त्यांनी माझं लायसन्स मागून घेतलं, तारखा पाहिल्या, मग विचारलं की शेवटची मोटार कधी चालवली होती. मी सांगितलं. त्यांनी आडव्या स्कूटरकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हाथ तो फर्स्ट क्लास पास है, सर. पैर को फिर से परीक्षा में बिठाना पड़ेगा." लायसन्स त्यांनी खिशात ठेवलं. माझं मोटारीचं शिक्षण पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरू होणार होतं.

मला त्याहून मोठी धास्ती ग्रूबरसाहेबांची होती. ते पुस्तक उघडून उभे होते. त्यांनी दमणियासाहेबांना विचारलं की शेजारी बसणाऱ्यालाच चालवता येत नसेल, तर आपलं महिनाभराचं शिकणं कायदेशीर धरायचं का. म्हणजे हा माणूस शिक्का मारून घ्यायच्या आधी स्वतःचंच लायसन्स अडवत होता, आणि त्याबरोबर माझी नोकरी. मी मनातल्या मनात प्रमिलाताईंच्या गणपतीला हात जोडले. दमणियासाहेबांनी घाम पुसला. म्हणाले, "लिखा है, बाजूवाले के पास लायसन्स होना चाहिए. लायसन्स था. चलाना आना चाहिए, ऐसा कहाँ लिखा है?" साहेबांनी ती ओळ पुन्हा फूटपट्टी ठेवून वाचली, मान हलवली. शिक्का बसला.

परत येताना गाडीत मला लाज वाटत होती. साहेब रागावले नाहीत. दमणगंगेच्या पुलावर आल्यावर एवढंच म्हणाले की तुम्ही महिनाभर माझ्या शेजारी बसलात, आता महिनाभर मी तुमच्या शेजारी बसेन. मी त्यांना मळमळीची आठवण करून दिली. ते म्हणाले, लिंबू घेईन.

साहेब पास झाल्याचे पेढे शेठनी कारखान्यात वाटले, सोसायटीत मालतीने वाटले. सामंतसरांनी कोणते प्रश्न आले ते टिपून घेतलं, पुढच्या बॅचसाठी. मडगार्ड मी वापीहून सरळ करून आणून दिलं आणि तेवढी गोष्ट घरी सांगायची राहिली. आठवड्याने माझं शिकाऊ लायसन्स झालं आणि एका सकाळी आम्ही नरोलीला निघालो. मी स्टिअरिंगवर, साहेब डावीकडे, मुठीत लिंबू, चेहरा पांढऱ्याचा हिरवा होऊ लागलेला. गाडीवर त्याच दोन पाट्या होत्या. फाटकाशी गाडी माझ्या हातून बंद पडली आणि नेमके सामंतसर दूध घेऊन समोरून आले. मागे गॅलरीत मालती आणि प्रमिलाताई उभ्या होत्या.

सामंतसरांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या खिडकीशी वाकून इंग्रजीत विचारलं की तुम्ही तर पास झालात, मग ही पाटी अजून कशाला.

साहेब म्हणाले, "पाटी माझी आहे." ते खरंच होतं. त्यांनीच रंगवली होती.

"म्हणजे तुमचं शिकणं अजून चालू आहे?"

मी समोर बघत राहिलो. खोटं बोलणं या माणसाला येत नाही हे मला माहीत होतं, आणि मालतीच्या कानावर पडेल एवढ्याच अंतरावर आम्ही होतो.

"हो," ग्रूबरसाहेब म्हणाले. चक्क मराठीत, गॅलरीपर्यंत जाईल अशा आवाजात. "सबनीस चांगले शिकवतात."

सामंतसर समाधानाने मान हलवत गेले. जाता जाता प्रमिलाताईंना म्हणाले की गोऱ्या लोकांची ग्रहणशक्ती जरा बेताचीच असते. मी आभार मानायला साहेबांकडे वळलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लिंबू नाकाला लावलं, नजर रस्त्यावर ठेवली आणि म्हणाले, "क्लच."